लहान धनी, मोठा धनी

एकाधिकारशाही म्हणजे नुसती कडक राजवट नव्हे. कडक कायदे लोकशाहीतही असतात, आणि ढिसाळ, गबाळी एकाधिकारशाहीही जगाने पुष्कळ पाहिली आहे. ज्या राज्यात एका माणसाचा किंवा एका टोळक्याचा निर्णय अडवायला, त्याचा जाब विचारायला आणि चुकला तर तो फिरवायला कोणी उरत नाही, ते एकाधिकारशाहीचे राज्य. विसाव्या शतकात ती बहुधा रणगाड्यावर बसून यायची. आता ती मतपेटीतून येते. निवडणुका होत राहतात, न्यायालयावरची पाटी जागेवर असते, वर्तमानपत्रे सकाळी दारात पडतात. यातला जाब विचारणारा भाग तेवढा एकेक करून गळत जातो. एल साल्वादोरमध्ये नायिब बुकेले यांनी २०२२ पासून विशेष अधिकार वापरून हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात टाकली. घटनेने लागोपाठ दुसऱ्या खेपेला मनाई केलेली असताना २०२४ मध्ये ते प्रचंड बहुमताने पुन्हा अध्यक्ष झाले. लोकांना फसवून नव्हे. टोळ्यांच्या धाकातून सुटलेल्या लोकांनी हौसेने मते दिली.

भारतीय मनही यापासून लांब नाही. संसद आणि न्यायालये आड येणार नाहीत असा खंबीर नेता असलेली पद्धत चांगली का, असे प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने विचारले, तेव्हा २०१७ मध्ये ५५ टक्के आणि २०२३ मध्ये ६७ टक्के भारतीयांनी होकार दिला. त्याच पाहणीत निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या राज्यालाही बहुसंख्यांनी चांगले म्हटले. ही विसंगती मूर्खपणाची नाही. लोकांना मतही हवे आहे आणि धनीही हवा आहे.

प्रश्न राज्यशास्त्राचा दिसतो, पण त्याची मुळी धर्मविचारात आहे. माणसाने आपली विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करावी का, केली तर कोणाच्या, आणि ती परत मागता येते का, हे प्रश्न राजाच्या आधी देवापुढे विचारले गेले. रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत या प्रश्नाची बरीचशी उत्तरे एका दिवसाच्या एसटी प्रवासात पाहून होतात. राजाला देव मानणाऱ्या कवीची समाधी, राज्याभिषेकाचा गड, धर्मग्रंथ जाळल्याची जागा आणि ज्याच्या पाण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत भांडावे लागले ते तळे, सगळे इथलेच.

एकट्याच्या सत्तेचे सर्वांत जुने समर्थन भयाचे आहे. संस्कृत ग्रंथांनी त्याला मात्स्यन्याय असे नाव दिले: राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो. कौटिल्याने दंडनीतीचा सगळा डोलारा याच भयावर उभा केला. महाभारताच्या शांतिपर्वात अराजकाने गांजलेली प्रजा ब्रह्मदेवाकडे जाऊन राजा मागते. मनुस्मृतीचा सातवा अध्याय आणखी पुढे जातो. तिथला राजा आठ देवांच्या अंशांनी घडलेला आहे. तो मूल असला तरी माणूस समजून त्याचा अवमान करायचा नाही, कारण मनुष्यरूपात ती देवता आहे. सतराव्या शतकात इंग्लंडातल्या यादवीने हबकलेल्या थॉमस हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये देवाला जवळजवळ वगळून हाच युक्तिवाद मांडला.

पाली त्रिपिटकातल्या अग्गञ्ञ सुत्ताची गोष्ट वेगळी आहे. भाताच्या शेतांना बांध पडले, चोऱ्या सुरू झाल्या, तेव्हा लोक एकत्र जमले, त्यांनी आपल्यातलाच एक माणूस निवडला आणि त्याच्या कामाबद्दल त्याला भाताचा वाटा देण्याचे ठरवले. तो महासम्मत, म्हणजे सर्वांना मान्य झालेला. भय इथेही आहे. पण मनूचा राजा वरून उतरतो आणि हा खालून उभा केला जातो, तोही मेहनतान्यावर. कोकणातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगितली तर बलुत्याचा हिशेब त्याला लगेच कळेल.

पोलादपूर गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी संस्कृतात रचलेले ‘शिवभारत’ हे शिवाजी महाराजांच्या हयातीतले चरित्रकाव्य, आणि त्यात महाराज विष्णूचा अवतार आहेत. कवीला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. ज्या काळात राज्य कायदेशीर ठरवण्याची भाषाच दैवी होती, त्या काळात स्वराज्याचा कवी दुसरे काय लिहिणार? रायगडावर ६ जून १६७४ रोजी झालेला राज्याभिषेक हाही त्याच भाषेतला दस्तऐवज होता.

मात्र महाराजांबद्दल रयतेला वाटलेली ओढ केवळ काव्यातून आलेली नव्हती. आजचा पोलादपूर तालुका जावळीच्या खोऱ्याला लागून आहे. १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली गेली, तेव्हा पडले ते एका वतनदाराचे राज्य. अशा वतनदारांनी, देशमुखांनी, मिरासदारांनी आपापल्या मुलखात वाडे आणि गढ्या बांधल्या होत्या आणि कुणब्याकडून मनाला येईल तेवढे वसूल केले होते. महाराजांनी ते हुडे-वाडे पाडले, वतनदारांचा हक्क बांधून दिला आणि बाकीचा वसूल सरकारात घेतला, असे सभासदाची बखर सांगते. कुणब्याच्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ असा की दहा लहान धन्यांच्या जागी एक मोठा धनी आला, आणि हा मोठा धनी लांब होता, नियमाने घेत होता, भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणून आपल्याच लष्कराला ताकीद देत होता.

मोठ्या धन्याचे खरे आकर्षण इथे आहे, आणि लोकशाहीचे कैवारी ते सहसा ओळखत नाहीत. ‘एक खमका माणूस हवा’ असे म्हणणाऱ्याला गुलामी हवी नसते. त्याला तलाठ्यापासून, सावकारापासून, गावच्या पुढाऱ्यापासून, आपल्या डोक्यावर रोज बसणाऱ्या लहान धन्यांपासून सुटका हवी असते, आणि त्यांना वचक बसवणारा कोणी तरी वर आहे एवढा दिलासा हवा असतो.

‘शिवशाही’ या शब्दाने हाच दिलासा आधुनिक राजकारणात आणला. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन करणारे बाळ ठाकरे आपण लोकशाही नव्हे तर ‘ठोकशाही’ मानतो असे उघड बोलत, आणि १९७५ च्या आणीबाणीला त्यांच्या पक्षाने पाठिंबा दिला होता. ‘शिवशाही’ या शब्दप्रयोगात इतिहासातली एक मोठी गोष्ट मात्र गाळली जाते. १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले जाऊन मारले गेले, त्याच वर्षी रायगडही पडला आणि राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. एका माणसावर उभे असलेले राज्य तिथेच संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव आणि पुढे ताराबाई अशा अनेकांना हुकमाची वाट न पाहता निर्णय घेता येत होते. औरंगजेब १७०७ मध्ये मेला तेव्हाही लढाई चालू होती. एकहाती सत्ता त्यांच्या शत्रूकडे होती.

लहान धन्यांचा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो महाड शहरात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला: सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. कागद पूर्ण होता. पण तळ्याच्या चारी बाजूंना सवर्णांची घरे होती, आणि ठराव होऊनही तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे घागर बुडवता आली नाही. मुसलमान पाणी भरत, जनावरे पाणी पीत. कायदा मुंबईत होता आणि महाडात धाक होता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे ही तयारीतली मंडळी. शेवटचे दोघे सवर्ण होते, हे नोंदवायला हवे. समारोपाच्या वेळी चित्र्यांनी तळ्याच्या ठरावाची आठवण करून दिली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे सगळी परिषद तळ्याकडे चालू लागली. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, मग बाकीच्यांनी. घोट घेण्यापलीकडे काहीच घडले नव्हते. थोड्याच वेळात वीरेश्वराच्या देवळात महार शिरणार अशी आवई उठली आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने मंडपात जेवत असलेल्या, गावाच्या वाटेला लागलेल्या माणसांना झोडपले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. परिषदेत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. त्यांनी मनावर घेतले असते तर महाडात रक्ताचा सडा पडला असता. आंबेडकरांनी त्यांना आवरले. तळ्याचे पुढे शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी ओतून शुद्धीकरण झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. वरचे अधिकारी हिंदू नसल्यामुळेच हा न्याय मिळाला, असे आंबेडकरांचे मत होते. म्हणजे लहान धन्यांविरुद्ध मोठ्या, लांबच्या सत्तेचा आधार लागतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पुढे संविधान सभेत ते बळकट केंद्राच्या बाजूने आणि ‘खेडे म्हणजे आदर्श’ या कल्पनेच्या विरुद्ध बोलले, त्यामागे महाडसारखे अनुभव आहेत. पण बळकट राज्य आणि बळकट माणूस यांत त्यांनी फरक केला. तो फरक त्यांनी १९२७ च्याच डिसेंबरात महाडलाच करून दाखवला.

दुसरी परिषद २५ डिसेंबर १९२७ रोजी ठरली. आंबेडकर आणि मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगावच्या बंदरात उतरली. मंडपासाठी सवर्णांपैकी कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली दिली. गावचे दुकानदार माल देईनात म्हणून शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. दरम्यान विरोधकांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावून तळे ही खासगी मालमत्ता असल्याचे म्हटले होते आणि १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता.

पहिल्या दिवशी आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. संध्याकाळी खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृती जाळली गेली. तसा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. या होळीकडे बहुतेक वेळा जातीच्या अंगानेच पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. पण त्या पोथीत राजाला देव करणारा अध्यायही आहे. नाकारली गेली ती केवळ काही वचने नव्हेत, तर प्रश्न न विचारता मानायचा हुकूम ही कल्पनाच. मनूच्या व्यवस्थेत वरचा देवस्वरूप राजा आणि खालचे वर्णधनी ही एकाच दंडाची दोन टोके आहेत. राजाचे पहिले कर्तव्य वर्णाश्रमाचे रक्षण. मोठा धनी तिथे लहान धन्यांचा पहारेकरी आहे.

त्यानंतरचे दोन दिवस एकाधिकारशाहीच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावेत असे आहेत. चार हजारांच्या आसपास लोकांनी सत्याग्रही म्हणून नावे नोंदवली होती. तुरुंगात जायची तयारी करून, घरी सांगून आलेली माणसे. आंबेडकरांचा शब्द तिथे अखेरचा होता; त्यांनी ‘चला’ म्हटले असते तर सगळे निघाले असते, ‘थांबा’ म्हटले असते तर कुरकुरत थांबले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. जिल्ह्याचे कलेक्टर हूड यांना परिषदेपुढे बोलू दिले. बाजूने आणि विरुद्ध भाषणे होऊ दिली. मग स्वतः उठून सांगितले की सवर्णांशी आणि सरकारशी एकाच वेळी दोन आघाड्यांवर भांडू नये, दाव्याचा निकाल लागू द्यावा. सत्याग्रह तहकूब झाला आणि लोक तळ्याला मिरवणुकीने वळसा घालून, पाण्याला हात न लावता परतले.

हे चित्र अनेकांना उणे वाटते. तळ्याच्या काठावरून माघार, तीही दिवाणी न्यायालयाच्या कागदासाठी! दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना वगळण्याची अनादि रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. दहा वर्षे हा फार मोठा काळ आहे, आणि लोकशाहीच्या मार्गाची ही किंमत लपवण्याचे कारण नाही. पण त्या मनाईहुकमाने अडवलेला माणूस आणि निकालाने जिंकलेला माणूस एकच होता. जो कागद आज आपल्याविरुद्ध आहे तो उद्या आपल्या बाजूने उभा राहू शकतो, हा विश्वास एकट्याच्या राज्यात मिळत नाही.

लहान धनी १९२७ मध्ये संपले नाहीत. कोकणातल्या गावात गावकी नावाची व्यवस्था आहे. ग्रामस्थांची बैठक, तिचे पंच, मानकरी, आणि तिचेच दुसरे टोक असलेले मुंबई मंडळ. देवळाचा जीर्णोद्धार, सप्ताह, वर्गणी, बांधाची भांडणे हे सगळे तिच्यापुढे येते आणि पुष्कळदा बऱ्यापैकी मिटतेही. पण तिच्या हातात एक हत्यार आहे: वाळीत टाकणे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारोदार फिरते. ढोल वाजत येतो, अंगणात सडा-रांगोळी झालेली असते, घरातली बाई ओटीचे ताट घेऊन उभी असते. वाळीत टाकलेल्या घराशी ढोल थांबत नाही. पालखी पुढच्या दारी जाते. कोणी शिवी देत नाही, कोणी हात उगारत नाही. लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही, दुकानात उत्तर मिळत नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या आल्या की राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला.

देवाची पालखी कोणाच्या दारी जाईल हे माणसांची बैठक ठरवते, आणि ते ठरले की देवानेच ठरवल्यासारखे होते. एकाधिकारशाहीची तालीम घरात आणि गावात अशी रोज चालते. लोकशाही हा भारतीय जमिनीवर वरवर टाकलेला थर आहे, खालची माती मुळात लोकशाहीची नाही, असे आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितले होते. महाड-पोलादपूरच्या भाषेत सांगायचे तर वर मुरूम पसरला, खाली जांभा तसाच आहे.

मोठा धनी आला की हे लहान धनी जातात का? इथे आणीबाणीचा अनुभव बोलका आहे. २५ जून १९७५ च्या रात्री ती लागू झाली. त्या वेळी विनोबा भावे वर्षभराच्या मौनात होते. त्यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, १८९५ चा. त्यांनी आणीबाणीच्या काळासाठी ‘अनुशासन पर्व’ हे महाभारतातले नाव वापरले आणि सरकारने तो शब्द उचलून भिंतीभिंतींवर नेला. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्तेचे असते आणि अनुशासन आचार्यांचे. खुलासा सूक्ष्म आणि विचारपूर्ण होता, पण भिंतीवर तो कोणी रंगवला नाही. संन्याशाचा शब्द सत्तेच्या हाती पडला की त्यातला विवेक आधी झडतो आणि पावित्र्य तेवढे उरते. १९७५ च्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी सरकारी मंडळींच्या उपस्थितीत आणीबाणीचा निषेध केला. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. धर्मग्रंथांचा व्यासंग दुर्गाबाईंचाही कमी नव्हता.

आणीबाणीत गाड्या वेळेवर धावल्या, कचेऱ्यांत माणसे जागेवर दिसू लागली, ही आठवण अजून सांगितली जाते. पण १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. कायदा नसतानाही नसबंदीचे कोटे ठरलेच होते, आणि ते पुरे करण्याचे काम शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्याकडे होते. म्हणजे ज्याच्या जाचातून सुटायला माणूस मोठ्या धन्याची वाट पाहत होता, त्याच्याच हाती मोठ्या धन्याने नवे हत्यार दिले. त्यात नवल नाही. एका माणसाला साऱ्या मुलखावर हुकूम चालवायचा असेल तर प्रत्येक गावात त्याचा हस्तक लागतो, आणि हस्तक होण्याची ज्याची आधीपासून तयारी आहे तो गावातला लहान धनीच असतो. १९७७ मध्ये मतदारांनी हिशेब चुकता केला. कुलाबा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील लोकसभेत गेले.

कामाच्या झपाट्याचा युक्तिवाद स्वतंत्रपणे तपासायला हवा, कारण तो भयाच्या युक्तिवादाइतका जुना नसला तरी आज जास्त चालतो. याच जिल्ह्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले १९८० ते १९८२ मुख्यमंत्री होते. धडाक्याने निर्णय घेणारे म्हणून त्यांची आठवण कोकणात अजून कौतुकाने निघते. निराधारांसाठीची संजय गांधी योजना त्यांच्याच काळातली, कुलाब्याचे रायगड झाले तेही १९८१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत. ते अध्यक्षीय पद्धतीचे उघड पुरस्कर्ते होते. सिमेंटवाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये ताशेरे ओढले आणि त्यांना पद सोडावे लागले. धडाका आणि त्याला लगाम, दोन्ही एकाच व्यवस्थेत बसले.

महाडजवळच्या सावित्री नदीवर दुसरे उदाहरण आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसकट वाहून गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. त्याच महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटले तरी पुरे झाले नाही. पोलादपूरहून कशेडीकडे जाणाऱ्याला त्याचा अनुभव हाडांत बसला आहे. राज्यपद्धत एकच, नदी एक, रस्ता एक. दिरंगाईचे कारण संसद आणि न्यायालये असती तर पूलही रखडायला हवा होता. ठेका, भूसंपादन, देखरेख आणि लोकांचा रोष यांची गणिते वेगळी पडली, एवढाच फरक.

भय आणि झपाटा यांच्या खाली आणखी एक ओढ आहे, आणि ती खरोखर धार्मिक आहे. निर्णयाचे ओझे दुसऱ्यावर टाकण्यात सुख असते. नाझी जर्मनीतून बाहेर पडलेल्या एरिक फ्रॉम यांनी १९४१ मध्ये स्वातंत्र्यापासून पळणाऱ्या माणसावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की जुनी बंधने तुटलेल्या एकट्या माणसाला स्वातंत्र्यच सोसत नाही आणि तो नव्या धन्याच्या पायाशी जाऊन मोकळा श्वास घेतो. भारतीय परंपरेत या सुखाला मानाचे नाव आहे: शरणागती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात आंबेडकरांनी नेमके इथे बोट ठेवले. धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेईलही, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये, हे जॉन स्टुअर्ट मिलचे मत त्यांनी तिथेच सांगितले.

इशारा खरा आहे, पण भक्ती हा शब्द तिथे थोडा ढोबळ वापरला गेला असे म्हणायला जागा आहे. पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांत माळकरी घरे पुष्कळ आहेत, सप्ताह आणि पारायणे तिथे वर्षाची तिथी सांभाळतात. त्या घरांत गायल्या जाणाऱ्या अभंगांतली भक्ती मुकाट नाही. जनाबाईच्या नावावर विठ्ठलाला शिव्या देणारे अभंग आहेत, नामदेव रुसतो, तुकाराम देवाशी कर्जदाराशी भांडावे तसे भांडतो आणि त्याचे दिवाळे काढतो. इथे भक्त देवाला सोडत नाही आणि जाब विचारायचेही सोडत नाही. राजकारणात शिरते ती ही भक्ती नव्हे. तिथे येते ते निव्वळ लोटांगण, ज्यात देवावर रुसण्याची मुभा असते पण नेत्यावर रुसणारा द्रोही ठरतो. हा फरक मानला तरी आंबेडकरांचा मुद्दा ढळत नाही, उलट नेमका होतो. विठ्ठलाच्या हाती पोलीस नसतात. त्याच्याशी भांडलेला तुकाराम सुखरूप असतो. तुकारामाला त्रास झाला तो माणसांच्या हातून.

आयुष्याच्या अखेरीस ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर लिहिताना आंबेडकर पुन्हा तिथेच आले. संघाला प्रमुख नेमून द्या, असे भिक्षूंनी बुद्धाला विनवले, आणि बुद्धाने धम्म हाच संघाचा नायक असे सांगून नकार दिला. त्याने स्वतः हुकूमशहा होण्याचे नाकारले आणि हुकूमशहा नेमण्याचेही नाकारले, असा अर्थ आंबेडकरांनी त्यातून काढला. धर्माचा संस्थापकच आपली गादी रिकामी ठेवतो, ही घटना धर्मांच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

चवदार तळ्यात आज आंबेडकरांचा पुतळा आहे. दरवर्षी २० मार्चला राज्यभरातून माणसे येतात, काठाच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीने पाणी घेतात. कोणी बाटलीत भरून घरी नेते, कोणी पुतळ्याकडे पाहून हात जोडते. रस्त्याच्या कडेला पुस्तकांची दुकाने लागलेली असतात. त्यांत तसबिरी, लॉकेट, निळे झेंडे आणि संविधानाच्या प्रतींच्या शेजारी आंबेडकरांच्या भाषणांचे खंडही असतात. २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण स्वस्त पुस्तिकेच्या रूपात सहज मिळते आणि खपतेही.